पडवीतला प्रिंटर

आमच्या पडवीत एक लोखंडी कपाट उभं आहे. ते कपाट नव्हे, कॉम्प्युटर आहे. पण येणारा प्रत्येक माणूस आधी कपाटच म्हणतो. माझ्या खांद्याएवढं उंच. पुढच्या अंगाला बारीक दिव्यांची ओळ, तिच्याखाली खटक्यांची ओळ. बाजूला टेबलावर त्याचा प्रिंटर, शिवणयंत्राच्या दुप्पट रुंद आणि उचलायला दोन गडी लागतील इतका जड. दोघांना जोडणारी अंगठ्याएवढी जाड वायर. हल्लीचे कॉम्प्युटर मांडीवर मावतात हे मला ठाऊक आहे, नातवाकडे पाहिलाय. आमचा तसा नाही.

आमचे हे लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते. सकाळी कंपनीची बस नाक्यावरून न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. कंपनीत हे मशीन आलं तेव्हा त्याला थंडगार खोली मिळाली आणि ह्यांना त्या खोलीच्या कामावर घातलं. मशीन एका परदेशी कंपनीचं, प्रिंटर दुसऱ्याच कंपनीचा, आणि दोघांचं जमत नसे. मशीन जे पाठवी ते प्रिंटरला कळत नसे. मुंबईहून इंजिनिअर येऊन ते जुळवून द्यायचे. हे शेजारी उभे राहून बघायचे, आणि पुढे स्वतःच जुळवायला लागले. कोणती तार कोणत्या पिनेला, कोणता खटका वर, कोणता खाली, हे सगळं ह्यांना तोंडपाठ. घरी जेवतानाही तेच. मी चौथी शिकलेली. मी 'हं' म्हणायची आणि भात वाढायची.

मग कंपनीने नवे छोटे कॉम्प्युटर घेतले आणि ही जोडी भंगारात काढली. ह्यांनी ती भंगारवाल्याकडून सोडवली, टेम्पोत घातली आणि घरी आणली. मला विचारलं नव्हतं.

टेम्पो खळ्यात, पुढच्या अंगणात, शिरला तेव्हा अख्खी वाडी बघायला जमली. तेव्हा वाडीत कुणाकडे फ्रिज नव्हता. शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ राहते, ती मधल्या दगडी गडग्यापलीकडूनच ओरडली, "वैनी, फ्रिज घेतलात? आणि बोललात पण नाय!"

मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मी नुसती हसले. संध्याकाळी तिची पोरं पेले घेऊन बर्फ मागायला आली. तेव्हा खरं सांगावं लागलं. मागोमाग जाऊ स्वतः आली आणि कपाटाला एक प्रदक्षिणा घालून म्हणाली, "मग हा करतो तरी काय?"

"काही नाही."

"काय करीत नाय तर आणला कशाला?"

"ते तुझ्या भावोजींना विचार."

"आता बर्फ नाय तर नाय," ती म्हणाली, "निदान कांदे तरी ठेवा आत."

त्या दिवसापासून मला त्या मशीनची लाज वाटायला लागली आणि ती काही गेली नाही. मुलाच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा मुलीकडची माणसं घर बघायला यायची होती. मी कपाटावर धुतलेली चादर टाकली आणि वर गणपतीची तसबीर ठेवली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने चप्पल काढून तसबिरीला नमस्कार केला. हे बाजूलाच उभे होते. बघत होते. चादर तिथेच राहिली, बरीच वर्षं.

नोकरी संपल्यावर ह्यांनी चादर काढली. आतल्या पट्ट्या एकेक बाहेर काढून साफ केल्या, बिघडलेले भाग बदलले. ते भाग आणायचं काम मुलाचं. मुलगा डोंबिवलीला असतो. तो मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत फिरून ते शोधायचा आणि गावी येताना पिशवीतून आणायचा. कुरकुर करायचा, पण आणायचा. प्रिंटरची शाई लावलेली फीत कुठे मिळेना, तर ह्यांनी जुन्या फितीलाच शाई चोळली. सगळे हात निळे करून जेवायला बसायचे. दोघांच्या मधल्या जोडणीसाठी एक लहान पेटी स्वतः बनवली. मशीनचं बोलणं प्रिंटरला कळेल असं करून देणारी पेटी, असं मला सांगितलं. मी म्हटलं, "बरं."

आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी ते चाललं. ह्यांनी पुढचे खटके वरखाली, वरखाली केले, कुठलाही कागद न बघता, मी रांगोळीचे ठिपके काढते तसे. शेवटचा खटका दाबला आणि प्रिंटरने जो आवाज सुरू केला, त्याने खळ्यातल्या कोंबड्या कुंपण ओलांडून गेल्या. जाऊ धावत आली. "वैनी, भावोजी काय दळतायत?"

मोठ्या कागदावर इंग्रजीतला ए छापून येत होता. ए, ए, ए, ओळभर ए, खाली आणखी एक ओळ. ए मला येतो.

"एवढ्यासाठी?" मी म्हटलं. जाऊ हसली. ह्यांनी तो कागद फाडला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्यानंतरच्या वर्षभरात हे विसरायला लागले. बाजारात गेले आणि छत्री दुकानात राहिली. चहात दोनदा साखर. पंपाचं बटण बंद करायला विसरले आणि टाकी भरून पाणी पोफळींच्या आळ्यांतून वाहत जावेच्या परसात गेलं. मुलगा रविवारी फोन करतो. "बाबा कसे आहेत?" असं विचारलं की मी हे सगळं सांगत असे. मी वाढवून सांगितलं नाही, पण एकही गोष्ट सोडली नाही. ह्यांच्या समोर बसून सांगत असे, ह्यांना ऐकू जाईल असं. ह्यांनी एकदाच म्हटलं, "टाकीचं सांगितलंसच. आता छत्रीचंही सांग." ते माझं आधीच सांगून झालं होतं.

मुलाचं म्हणणं असं की दोघांनी घर बंद करून डोंबिवलीला यावं. त्याचं चुकीचं काही नव्हतं. हे मात्र नाही म्हणत. मला डोंबिवलीचं कौतुक नाही, पण वीज गेली की विहिरीचं पाणी शेंदायला नको आणि पायऱ्यांवर शेवाळ नाही, एवढं मला पुरेसं होतं. मी मुलाच्या बाजूने होते.

गेल्या दिवाळीत ह्यांनी मशीन पुन्हा सुरू करायला घेतलं. पावसाळ्यात ते चालवत नाहीत. पावसाळा लागायच्या आत वायरी सोडवून डब्यात ठेवायच्या, कपाटात एक बल्ब पेटता ठेवायचा म्हणजे ओल धरत नाही, आणि दिवाळीनंतर परत जोडायचं, असं ह्यांचं ठरलेलं. यंदा जोडलं, आणि प्रिंटर गप्प.

मशीन चांगलं होतं. दिवे लागत, पळत. प्रिंटरही चांगला होता. त्याला एकट्याने छापून दाखवायचं एक बटण आहे, ते दाबलं की तो सगळी अक्षरं ओळीने छापून दाखवी. दोघं आपापल्या जागी धडधाकट. जोडले की काही नाही.

"नवराबायकोसारखंच झालं म्हणायचं," जाऊ म्हणाली.

ह्यांनी पेटी उघडून बघितली. तारा सोडवून पुन्हा जोडल्या. हातातलं मीटर कधी जोडणी आहे म्हणे, कधी नाही म्हणे. हळूहळू ह्यांना वाटायला लागलं की मशीनचं काही चुकत नाही, खटक्यांचा क्रम आपणच चुकतोय. आदल्या साली चाललं होतं. तेच मशीन, तोच प्रिंटर, तीच पेटी. मग बदललं काय? ह्यांचं डोकं. हे असं मोठ्याने बोलले नाहीत. पण खटके टाकताना मध्येच थांबायला लागले. बोट हवेत, नजर भिंतीकडे, ओठ हलतायत. पूर्वी असं थांबत नसत. मी ते पाहिलं आणि रविवारी मुलाला तेही सांगितलं.

मुलाने फोन ह्यांना द्यायला सांगितला. काय बोलणं झालं ते मला एका बाजूने ऐकू आलं. "ठीक आहे," हे म्हणाले, "शिमग्याला ये. शिमग्यापर्यंत हा प्रिंटर चालला तर डोंबिवलीचं नाव काढायचं नाही. नाही चालला तर येतो. दोघंही येतो." मग पलीकडचं ऐकून, "हो. शब्द दिला."

फोन मला परत देताना माझ्याकडे बघितलं नाही.

शिमग्याला मुलगा एकटाच आला. सुनेला रजा नव्हती. फाल्गुनातलं आमच्याकडचं हवामान म्हणजे दुपारी पडवीचा पत्रा तापून खाली बसवत नाही आणि सकाळी पांघरूण लागतं. होळी झाली. देवाची पालखी घराघरांतून फिरायला निघाली होती, आमची पाळी दुसऱ्या दिवशी. मी पुरणाच्या, रंगाच्या, सारवणाच्या गडबडीत. दुपारी सगळे जेवून आडवे झालो. उन्हं उतरल्यावर मी चहाला उठले तर हे पडवीतून आत आले, चेहरा लाल, सदरा घामाने अंगाला चिकटलेला.

"चालला," म्हणाले. "दुपारी चालला. चार-पाच अक्षरं छापली आणि थांबला."

मुलगा उठून बसला. "कुठंय कागद?"

कागदावर प्रिंटरने स्वतःहून छापलेल्या जुन्या ओळी होत्या. त्यांच्या खाली, एका कडेला, काहीतरी होतं. अक्षर म्हणावं तर अक्षर, डाग म्हणावा तर डाग.

"पुन्हा लावा," मुलगा म्हणाला.

पुन्हा लावला. आम्ही तिघं उभे. गडग्यावरून जाऊ वाकून बघत होती. हे खटके टाकत गेले, थांबले, पुन्हा टाकत गेले. शेवटचा दाबला. प्रिंटर गप्प.

"बाबा, दुपारी तुम्ही झोपला असाल," मुलगा मऊ आवाजात म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो आजारी माणसाशी बोलतो.

"झोपलो नव्हतो. चालला होता."

आणि मी म्हटलं, मुलासमोर, गडग्यावरच्या जावेसमोर, "ह्यांना हल्ली भास होतात."

भास होतात असं मला वाटत नव्हतं. ह्यांना कधी भास झालेला मी पाहिला नव्हता. मला त्या सगळ्याचा कंटाळा आला होता. पडवीत पालखी यायची होती, कपाट हलवायला हवं होतं आणि चूल खोळंबली होती. म्हणून म्हटलं.

हे कपाटाकडे तोंड करून उभे होते. मग त्यांनी मागे जाऊन बटण बंद केलं. दिवे विझले. "ठीक आहे," म्हणाले. "मे महिन्यात निघू. आंबे उतरले की." मुलाने मान हलवली. त्याला आनंद झाला नाही, हे मी सांगते. तो बिचारा तिथेच प्रिंटरवर हात ठेवून उभा राहिला. जाऊ मात्र वाडीत सांगायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. पाय सारवणाने उललेले, टाचांना भेगा. फडताळातून मुठेलाचा डबा काढला. मुठेल म्हणजे रातांब्याच्या, कोकमाच्या बियांचं तेल. गार पडलं की त्याचा घट्ट गोळा होतो, मुठीत दाबून ठेवतात म्हणून मुठेल. पहाटेच्या गारव्यात गोळा खडूसारखा झाला होता. टाचेला घासून काही उतरेना. हातात धरून बसले, तेव्हा जरा पाघळला. आदल्या दुपारी सारवण झाल्यावर हाच गोळा बोटाने निपटून घेता येत होता.

तो हातात धरून बसले असतानाच मला आठवलं.

पावसाळ्याआधी घरातलं सगळं लोखंड मी मुठेलाने माखते. सासूबाई माखायच्या, त्यांच्या आधीच्याही माखत असणार. कोयती, विळी, कुलपं, दाराचे कोयंडे, कुदळीचं तोंड. वरून फडक्याने पुसून घ्यायचं म्हणजे हाताला चिकटत नाही, आणि पाऊस चार महिने काही बिघडवत नाही. गेल्या वैशाखात ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, एकाचा काढायचा ठरला. हे हॉस्पिटलात. आभाळ भरून यायला लागलं होतं. वायरी अजून जोडलेल्याच होत्या. मीच सोडवल्या. त्यांच्या टोकांना पिना, आणि समोरच्या टोकांना भोकं, बारीक बारीक. विळी-कोयतीबरोबर तीही माखली. पिनांना बोटाने लावलं, भोकांत कापसाच्या वातीने नीट आतवर भरलं. वरून पुसून घेतलं, डब्यात ठेवलं, डबा फळीवर. ह्यांना सांगितलं नाही. हे घरी आले तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि मला लोणच्याची घाई होती. दिवाळीपर्यंत माझ्या डोक्यातून ते साफ गेलं. ह्यांना वाटत राहिलं की आपणच वायरी ठेवल्या.

माझ्या डोक्यातून गेलं. छत्री, साखर, टाकी, सगळं मी फोनवर सांगत होते, आणि हे माझ्या डोक्यातून गेलं होतं.

उठून लगेच सांगायला हवं होतं. हे परसात दात घासत होते. मी दारापर्यंत गेले. मुलगा अंगण झाडत होता, जाऊ फुलं घेऊन आली होती, कपाट भिंतीला सरकवायला गडी आले होते. मी स्वतःशी म्हटलं, पालखी होऊन जाऊ दे. लोकांत कशाला. निवांत सांगते. आणि स्वयंपाकाला लागले. सांगायचंच नव्हतं असं नाही. पण सांगितलं नाही, आणि पुरण वाटत राहिले.

पालखी आली ती उन्हं चढल्यावर. ढोल पुढे, मागे वाडीची माणसं, मुंबईहून आलेली पोरं. पालखी पडवीत पाटावर बसवली. मी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ. गाऱ्हाणं घालायला मानकरी पुढे आले. आमचे मानकरी म्हणजे ह्यांचे बालमित्र, शाळेत एका बाकावर बसलेले. त्यांनी नारळ हातात घेतला आणि हळूच ह्यांना विचारलं, "काय मागू रे?"

दर साली हे म्हणतात, मुलाबाळांचं बरं कर, एवढंच. त्या दिवशी ह्यांनी थोडा विचार केला. मग साध्या आवाजात म्हणाले, "माझं डोकं ठिकाणावर राहू दे म्हण."

मानकऱ्यांनी ह्यांच्याकडे नीट पाहिलं, पण मग आवाज चढवलाच. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडवीतली सगळी माणसं म्हणाली.

"आज ह्या तुझ्या लेकराने तुझी ओटी भरली, ती मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"याचं वय झालं, याची आठवण ढळायला लागली..."

"थांबा," मी म्हटलं.

गाऱ्हाणं मध्येच कुणी थांबवत नाही. बायकांनी तर नाहीच. ढोलवाल्याने काठी खाली केली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताट माझ्या हातात होतं, ते खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"ते मागू नका," मी म्हटलं. "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे. वायरीच्या टोकांना मी मुठेल भरलंय. पावसाळ्यात. सांगायचं राहिलं. दुपारी उन्हाने वितळतं म्हणून चालतं, संध्याकाळी गोठतं म्हणून बंद पडतं. ह्यांना भास नाही झाला. मी खोटं बोलले."

मग मागून मुंबईच्या पोरांतला कुणीतरी जोरात म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

आणि अख्खी पडवी हसली. ढोलवाला हसला, मानकरी नारळ पोटाशी धरून हसले. जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. "वैनी, कॉम्प्युटराला मुठेल! पाय उलले होते काय हो त्याचे?" माझे कान तापले. इतकी वर्षं त्या कपाटापायी लोक ह्यांना हसतील म्हणून मी चादरी घालत होते, आणि आता त्यांना हसायला मी पुरले. हसायचं थांबेपर्यंत मी ताट धरून उभी राहिले. पळायची सोय नव्हती, पालखी दारात होती.

न हसणारे दोघंच होते. मुलगा, आणि हे. हे माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, पण बराच वेळ.

"भोकांत भरलंस?" म्हणाले.

"आतवर. वातीने."

"मला पांढरं दिसलं होतं," हे म्हणाले. "दिवाळीतच दिसलं होतं. मला वाटलं दुसऱ्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं आहे ते."

मानकऱ्यांनी गाऱ्हाणं पुरं केलं. डोक्याचं काढून टाकलं आणि मुलाबाळांचं घातलं. पालखी जावेच्या घरी गेली. जाताना मानकरी मला म्हणाले, "वैनीबाई, पुढच्या साली देवाला सांगायचं ते आधी घरात सांगा." ते थट्टेने म्हणाले, पण मी ते ऐकून घेतलं.

मग मुलाने पेट्रोल आणलं. जावेच्या पोराच्या मोटरसायकलमधून काढलं. हे आणि तो पडवीच्या पायरीवर बसले आणि सुईला कापूस गुंडाळून एकेक भोक साफ करायला लागले. मेणासारखा मळ निघत होता, त्यात धूळ, एका भोकात मेलेली मुंगी. मी म्हटलं, "मी करते थोडी. मीच भरलंय."

"तू बस," हे म्हणाले.

मी बसले नाही, आत गेले. पण काही काम करता येईना. दारातून बघत राहिले. जावेकडे पालखी नाचवत होते, ढोलाचा आवाज येत होता. इकडे बापलेक मान खाली घालून बसलेले. मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, मी पण तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता." हे म्हणाले, "सुई सरळ धर."

ऊन कलायला आलं तेव्हा वायर जोडली. हे मशीनसमोर उभे राहिले. दिवे लागले. खटके टाकायला लागले, वर, खाली, खाली, वर. मध्ये थांबले. बोट हवेत राहिलं. मुलगा पुढे सरकला, मी त्याला हाताने मागे ओढलं. हे तसेच उभे राहिले. मग बोट खाली आलं, पुढचे खटके झाले, आणि शेवटचा दाबला.

प्रिंटरने एक ओळ छापली. ए नव्हता. दुसरंच काहीतरी अक्षर, मला न येणारं.

"चुकलं," हे म्हणाले. "एक खटका." आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी थांबले नाहीत. ए आला. ओळभर ए, तिच्याखाली ए. प्रिंटर असा खडखडत होता की पलीकडचा ढोल ऐकू येईना. हे तो थांबवेनात. कागद टेबलावरून खाली आला, पायरीवरून खळ्यात जायला लागला, मुलगा तो गोळा करत होता. गडग्यावर जाऊ आली. ती वाकून कागद बघत राहिली, आणि ते मला तिच्या टोमण्यापेक्षा जड गेलं.

मी ह्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागच्या वेळी मी जे म्हटलं होतं ते मला आठवत होतं, आणि ह्यांनाही आठवत असणार. मी म्हटलं, "चांगला छापतो."

ह्यांनी मान हलवली. चहा मागितला.

मुलगा दोन दिवसांनी एकटाच डोंबिवलीला गेला. जाताना डोंबिवलीचं नाव काढलं नाही. शब्द तसाच ठरला होता. बॅग भरताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, पण टाकी आणि छत्री तर खरंच ना?" खरंच आहे. ह्यांचं विसरणं कमी झालेलं नाही. त्या दिवशी खटका चुकला तो मुठेलाने चुकला नव्हता. हे मलाही कळतं. पण मी त्याला म्हटलं, "मला विचारू नकोस."

आता तो रविवारी फोन करतो आणि सवयीने विचारतो, "बाबा कसे आहेत?" मी फोन ह्यांच्याकडे देते. काल ह्यांनी तापत ठेवलेलं दूध उतू गेलं, पातेलं करपलं. ह्यांनी ते फोनवर सांगितलं नाही, लाइटच्या बिलाचं बोलले, आंब्याचं बोलले. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मुलाने विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "आत्ता बोललास ना त्यांच्याशी."